शिवी खोटी असावी

रॅपच्या गाण्यातल्या शिव्यांचा अर्थ काढून घ्यायला मी एकदा निवृत्त इंग्रजी मास्तरांना घरी बोलावलं, आणि तेही मंगळवारच्या भजनाला जमलेल्या बायकांच्या देखत. माझ्या मूर्खपणांची रांग लावली तर ती हुबळीच्या बाजारात सुरू होऊन धारवाडच्या चढावर संपेल. पण रांगेत सगळ्यांत पुढे, छाती काढून, हाच उभा राहील.

नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मी पन्नाशीला टेकले होते. गळा खणखणीत, अक्कल बेताची. आमचं बाजारात कापडाचं दुकान. मुलानं मात्र गज हातात धरला नाही, गोकुळ रोडला लेथची दोन मशिनं टाकून बसला. त्याचं नुकतंच लग्न झालेलं. सून कलघटगीची. वडील लहानपणीच गेलेले, आई तिथल्या शाळेत शिक्षिका. लग्नाआधी सून कॉलेजला धारवाडला होती, मळमड्डीत मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. त्या मैत्रिणीचा भाऊ अमेरिकेत. तिथून त्यानं धाडलेल्या कॅसेटांपैकी दोन-तीन माझ्या सुनेच्या ट्रंकेतून आमच्या घरात शिरल्या.

सकाळी भाकऱ्या थापताना ती टेप लावायची. एक बाप्या ताल धरून भराभरा बोलत सुटायचा. गातोय म्हणावं तर सूर नाही, भांडतोय म्हणावं तर समोरचा उत्तर देत नाही. मला इंग्रजी येत नाही. पण शिवी ओळखायला भाषा यावी लागत नाही. माणूस शिवी देताना शब्दावर जो जोर देतो तो कानडीत, मराठीत आणि अमेरिकेत सारखाच पडतो. मी देवाजवळ वात लावत असायची आणि आतून तो जोर येऊन माझ्या पाठीत बसायचा. त्या तालावर भाकरी मात्र सुरेख गोल यायची. हे मी तेव्हा कबूल केलं नसतं.

"काय म्हणतो गं हा?" मी विचारायची.

"काही नाही, आत्या. असंच." आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात.

"असंच कुणी एवढं ओरडतं होय?"

ती हसून आवाज कमी करायची. कमी केलेला आवाज मला जास्त ऐकू यायचा.

आणि ही मी कोण, तर विहिणीवर शिव्यांची गाणी गाणारी म्हणून चार गावांत नाव असलेली बाई! आमच्या भागात लग्नात विहिणीची पंगत बसली की दोन्हीकडच्या बायका एकमेकींवर गाणी म्हणतात. मराठीतून सुरुवात, कानडीत वळण, आणि शेवटी असं काही, की आचारीसुद्धा झारा खाली ठेवून ऐकतो. ज्या विहिणीवर गाणं म्हणायचं तिनं रागवायचं नाही, हसायचं आणि उलट गायचं. कुणाचं लग्न ठरलं की भटजींच्या आधी मला निरोप. "अक्का, तुम्ही पाहिजेच की री. तुमच्याशिवाय पंगत अळणी होते." अक्का फुगायची.

मला हे शिकवलं माझ्या आईच्या मावशीनं. तिचा एकच नियम होता. शिवी खोटी असावी. वाळक्या बाईला म्हैस म्हणायचं, गोरीला तव्याचं बूड म्हणायचं, नवऱ्याच्या शब्दाबाहेर न जाणारीला बांगडीवाल्याबरोबर पळून गेली म्हणायचं.

बीगती बंदाळ नोडरी, पोट कसं ते बघा री,
बारा भाकऱ्या खाऊन म्हणते, ताट रिकामं का री?

बीगती म्हणजे विहीण, बंदाळ नोडरी म्हणजे आली बघा. समोर काडीसारखी बाई बसलेली असली की हे म्हणायचं. सगळ्या हसतात, तीही हसते, कारण तिच्या अंगाला काहीच चिकटत नाही. "खरं बोलायचं असलं तर गाऊ नकोस," मावशी म्हणायची, "खऱ्याला चाल लावली की त्याचा चाबूक होतो."

नियम मला पाठ होता. पाठ असलेल्या गोष्टी माणूस किती पाळतो ते सोडा.

तर त्या मंगळवारी. रागाचं खरं कारण वेगळंच होतं. लग्नाला वर्ष होत आलं तरी सुनेची आई आमच्या घरी एकदाही जेवायला आली नव्हती. संक्रांतीला बोलावलं, नागपंचमीला बोलावलं. दर वेळी "शाळा आहे", "तब्येत बरी नाही". यायची ती रिक्षानं फाटकापर्यंत. सुनेसाठी शेंगाची चटणी, लोणचं, काहीबाही घेऊन. सून पळत बाहेर जायची, रिक्षाच्या दांडीला धरून दोघी बोलत उभ्या राहायच्या. मी ओसरीवरून म्हणायची, "आत या की, विहीणबाई!" ती हात जोडायची, "उशीर होतोय, पुन्हा येईन." रिक्षा वळली की सून डोळे पुसून आत यायची आणि टेप लावायची. मी मनात ताडलं, हिला वळण नाही कारण आईलाच वळण नाही. कशामुळे येत नाही ते मला कळत नव्हतं, असं मी स्वतःला सांगायची.

म्हणून ठरवलं, चारचौघींत हिच्या गाण्याचं पितळ उघडं पाडायचं. कॅसेटच्या डबीत घडी घातलेला कागद होता, मुंगीएवढ्या अक्षरांत सगळं गाणं छापलेलं. समोरच्या घरातले मास्तर जन्मभर हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. भजनाची आरती झाल्यावर त्यांना बोलावलं. ते कोट घालून, भिंग घेऊन आले. बायकांनी टाळ मांडीवर घेतले आणि पदर सावरून बसल्या, जणू आता कीर्तनच आहे.

मास्तरांनी कागद उलगडला, दोन ओळी मनात वाचल्या आणि घसा साफ केला.

"वहिनी, हे मोठ्यानं वाचायलाच हवं का?"

"वाचा हो मास्तर. आम्ही काय कोवळ्या पोरी आहोत?"

"बरं. इथं तो सांगतो की त्याच्याकडे मोटारी पुष्कळ आहेत."

"कसल्या?" एकीनं विचारलं.

"ते दिलेलं नाही. पुढं, पोलीस त्याच्या मागं लागलेत."

"मग चोरल्या असतील मोटारी."

"इथं त्यानं पोलिसांच्या मातोश्रींचा उल्लेख केलाय." मास्तर थांबले. "सविस्तर उल्लेख आहे. मी थोडक्यात घेतो."

"थोडक्यात नको की मास्तर," मागची एक म्हातारी म्हणाली, "मला मघाचंही नीट ऐकू आलं नाही."

हशा पिकला. मी डोळे वटारले. हा हशा माझ्या योजनेत नव्हता.

"आणि इथून पुढं स्त्रियांविषयी आहे," मास्तर कागद दूर धरून म्हणाले. "त्यांना उद्देशून, म्हणजे सर्वच स्त्रियांना, तो कुत्री असं म्हणतो. वारंवार."

"एवढंच होय?" म्हातारी खट्टू झाली. "आमच्या सासूबाई सकाळच्या चहाआधी ह्याच्या वरचं म्हणायच्या."

"ह्याची बायको ऐकते का हे?" दुसरीनं विचारलं.

"असलं छापायला देतातच कसे?" वकिलांच्या घरची बाई म्हणाली. ती खरंच चिडली होती. "आमचा मुलगाही हेच ऐकतो. मला वाटायचं, अभ्यासाचं इंग्रजी सुधारतंय."

मास्तर भिंगातून बघत स्वतःशीच म्हणाले, "व्याकरण अजिबात नाही. पण यमक सोडत नाही हो गडी."

मला आता घाई झाली होती. सून चहाचे पेले घेऊन दारात उभी होती. मी भजनी आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐकलंस? तुला म्हणतोय तो. तुला, मला, इथं बसलेल्या सगळ्यांना. आणि त्याच्यावर तू घरात भाकऱ्या थापतेस!"

सुनेनं तबक खाली ठेवलं. पोटुशी होती, सावकाश वाकली, सावकाश उभी राहिली. मला वाटलं, आता रडेल. मग मी जवळ घेईन, आणि संध्याकाळ माझी होईल.

ती म्हणाली, "मास्तर, दमला नसाल तर आणखी एक गाणं आहे. त्याचंही इंग्रजी करून सांगाल?"

मास्तर खूश झाले. "सांग की बाळ."

तिनं चाल न लावता, धोब्याला कपडे सांगावेत तशा आवाजात म्हटलं:

साखरपुड्याला जांभळी, लग्नालाही जांभळी,
बारशाला या विहीणबाई, रफू करून जांभळी.

मास्तर डोळे मिटून इंग्रजीत पुटपुटले. पुन्हा पुटपुटले. मग डोळे उघडून म्हणाले, "ह्यात शिवी कुठंय? हे नुसतं वर्णन आहे. एका बाईकडं चांगली अशी एकच साडी आहे, तिला रफू केलेलं आहे, एवढंच निघतं. कुणी रचलंय?"

लग्नाच्या पंगतीत ह्याच गाण्याला जी सर्वांत मोठ्यानं हसली होती ती टाळाची दोरी सोडवत बसली. चहावर साय धरली.

कुणी रचलंय हे आता सांगायला नको.

कापडवाल्याची बायको ना मी. कापड दिसलं की बोटं आपोआप शिवशिवतात. साखरपुड्याला विहिणीनं जांभळी इरकल साडी नेसली होती, तांबड्या काठाची. लग्नातही तीच. पदराजवळ उंदरानं कुरतडल्यागत जागा होती आणि तिथं इतकं बारीक रफू केलेलं, की दुसऱ्या कुणाला शंभर वर्षांत दिसलं नसतं. मला दिसलं. पंगत बसली, तिच्याकडच्या बायकांनी माझ्यावर एक लाडूचोर म्हणून गाणं म्हटलं, तद्दन खोटं, गोड मला चालतच नाही. आता माझी पाळी. पेशवाईपासून चालत आल्यासारखी म्हशीची गाणी माझ्याजवळ ढीगभर होती. पण मला नवं काही सुचलं. सुचलं आणि तोंडातून गेलंसुद्धा. चालही झक्क जमली. मांडव हसला. तीही हसली. तोंडातला घास तसाच ठेवून हसली, आणि डाव्या हातानं पदर पाठीमागं सारला. हे मी बघितलं होतं. त्या दिवशी मला ती दाद वाटली.

बायका गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. माफी मागायला गेले असं लिहिलं तर छान दिसेल, पण मी वाद घालायलाच गेले होते.

"मग त्या मोटारवाल्याचं तुला काही लागत नाही? कुत्री म्हणतो तरी?"

"लागतं की," ती पेले विसळत म्हणाली. "काही काही फार घाण आहे, आत्या. ते आलं की मी पुढं ढकलते. कधी फारच राग आला तर बंद करते, दोन दिवस लावत नाही. पण बाकीचं ऐकावंसं वाटतं. तो एवढा चिडून बोलतो आणि मधेच त्याला कुणी गप्प बस म्हणत नाही, ते बरं वाटतं."

"पण ऐकायचंच कशाला असलं?"

"तो मला ओळखत नाही. माझी साडी बघून नाही लिहिलं त्यानं." तिनं नळ बंद केला. "पंगतीत आईजवळ पुढं ढकलायचं बटण नव्हतं. तिला बसून हसावं लागलं."

मी म्हणाले, "अगं, रीतच असते ती."

"होय. म्हणूनच हसली."

पुढं बारसं कलघटगीलाच झालं. नात झाली होती. मी बसमध्ये बसल्या बसल्या मनाशी खूश होते, की आता पाळी त्यांची. बारशाला वरमाईला झोडपायची त्यांना पुरेपूर संधी आहे. झोडपू देत. लाडूचोर म्हणू देत, टकली म्हणू देत, माझ्या बापाला गाढवावर बसवू देत. मग मी पोट धरून हसेन, उलट गाईन, आणि मिटून जाईल. इतकी शहाणी मी.

विहिणीनं दारात पायावर पाणी घातलं. "या, बसा. प्रवासाचा त्रास नाही ना झाला?" जांभळी इरकल नेसली होती. मी गाण्यात बोलावलं होतं तशीच बारशाला उभी होती, रफू करून. पदर असा घेतलेला, की वाढायला वाकली की रफू बरोबर माझ्या डोळ्यांपुढं. बायकांनी पाळणा म्हटला. सुंदर म्हटला. मग सगळ्या गप्प. मी चार वेळा खाकरले, कुणी काही सुरू करतंय का बघितलं. एकीनं अदबीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

तेव्हापासून मी जेव्हा जेव्हा कलघटगीला गेले तेव्हा तीच साडी. सून म्हणायची, "आईकडं आता पुष्कळ साड्या आहेत." मला ठाऊक होतं. दुकानातून मीच दोन पाठवल्या होत्या, एक घडीसुद्धा मोडली नव्हती. आणि आमच्या फाटकाशी रिक्षा यायची, थांबायची, वळायची. नात बोलायला लागली, चालायला लागली, शाळेत गेली. सून आपल्या आईशी दांडी धरूनच बोलत राहिली. पावसात छत्री घेऊन, बाळंतपणानंतर डोक्याला रुमाल बांधून, दुसऱ्या खेपेला दिवस गेल्याची बातमीसुद्धा तिनं आईला तिथंच, रिक्षावाल्याच्या देखत सांगितली.

मी गाणी सोडून दिली. लोक म्हणाले, अक्कांचा गळा बसला. तसं तर तसं. बोलावणीही कमी झाली. दोन हजार साल उजाडलं तशी लग्नात विहिणीच्या पंगतीच राहिल्या नाहीत. मोठाले कर्णे आले, आणि त्यातून तोच मोटारवाला, आता हिंदीत आणि कानडीतसुद्धा. गल्लीच्या गणपतीत एका वर्षी असलं गाणं लागलं आणि वकिलांच्या घरच्या बाईनं मोर्चा काढायचा घाट घातला. "अक्का, तुमचा आवाज मोठा, तुम्ही पुढं व्हा." तिचं चुकत होतं असं नाही. गाणं खरोखरच ऐकवत नव्हतं. पण मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात. ज्या पोरांनी गाणं लावलं होतं ती म्हणत होती, मजा आहे हो आजी, कुणाला म्हणत नाही ते. ज्या पोरी बाजूनं मान खाली घालून जात होत्या त्या काही म्हणत नव्हत्या. मी दोन्हींकडं बघत खुर्चीत बसून राहिले. पूर्वी मला दोन मिनिटांत मत सुचायचं.

दुपारी सुनेबरोबर तांदूळ निवडताना मीही ऐकायला लागले होते. आता सीडी. घाण जागा जवळ आली की सून न बघता बोटानं पुढं ढकलायची. नात विचारायची, "मधलं का गेलं?" सून सांगायची, "मला नाही आवडत ते." एवढंच. मला वाटायचं, इतकं सोपं असतं होय?

मग एका दिवाळीच्या सुट्टीत नातीला आणायला मी एकटीच कलघटगीला गेले. नात शेजारी खेळायला गेलेली. विहीण आता निवृत्त झालेली, केस पांढरे, हाताला किंचित कंप. आणि अंगावर जांभळी, विरून पार आरपार दिसायला लागलेली. ती खास माझ्यासाठी नेसत होती. आता नेसताना ती फाटेल की काय ह्याची तिलाही काळजी वाटत असणार. दोघींनीच पानं घेतली. सारभात, दोडक्याची भाजी. ती अदबीनं वाढत होती आणि मी अदबीनं पुरे म्हणत होते. इतक्या वर्षांच्या त्या अदबीचा मला एकाएकी भयंकर शीण आला.

मी म्हणाले, "विहीणबाई, ते गाणं मी म्हणायला नको होतं. खरं होतं ते, म्हणून नको होतं."

तिनं भाताची परात जवळ ओढली.

"मला शिव्या घाला," मी म्हणाले. "गाऊन घाला, नाहीतर नुसत्या घाला. तुमच्या बायकांना बोलवा, सगळ्या मिळून घाला. मी उलट एक शब्द बोलणार नाही. पण एकदा आमच्या घरी या, लेकीच्या हातचं जेवा. ती किती दिवस रिक्षाशी बोलणार?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, वर्गात बसून कंटाळलेल्या पोराकडं बघावं तसं. मग पदर नीट केला, रफू दिसेल असा, आणि भातवाढी उचलली.

"शिव्या आपल्या माणसाला घालतात, विहीणबाई. तुम्ही पाहुण्या. घ्या, भात घ्या अजून थोडा, लाजू नका."